दर पावसाळ्यात उचलणाऱ्या लाकडी पायऱ्या : कार्पेट काढून सागवान बसवलेल्या जिन्याच्या तक्रारी आणि त्यांचे निवारण

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर जिन्यावरचे कार्पेट काढून त्या जागी लाकडी पायऱ्या बसवून घेणारी घरे आता बरीच दिसतात, आणि हा बदल योग्यच आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथल्या हवेत जो ओलावा असतो त्यात कार्पेट कधीच पूर्ण सुकत नाही. त्याला कुबट वास येतो, खालच्या अस्तराला बुरशी धरते आणि पायांबरोबर आलेली किनाऱ्यावरची वाळू त्यात कायमची रुतून बसते. मात्र खरी तक्रार कार्पेट गेल्यानंतर सुरू होते. हौसेने मापे देऊन करून घेतलेल्या सागवानी पायऱ्या पहिल्याच पावसाळ्यात कडेने उचलतात, थंडीत पुन्हा खाली बसतात पण करकरू लागतात, सुतार येऊन चार खिळे ठोकून जातो, आणि पुढच्या जुलैत तोच प्रकार नव्याने घडतो. विचारले तर “लाकूडच ता, फुगतलाच!” असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण लाकूड किती फुगणार हे आधी काढता येते, त्याला जागा ठेवता येते, आणि ते सगळीकडून सारखे फुगेल अशी व्यवस्थाही करता येते. पुन्हापुन्हा येणारी ही तक्रार बहुतेक वेळा लाकडाच्या जातीमुळे नसते, तर पायरीच्या खालच्या बाजूकडे आणि काम केलेल्या महिन्याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे असते.

आधी महिना आणि जागा पाहावी

उपाय करण्यापूर्वी दोन गोष्टींची नोंद करावी: बिघाड कोणत्या महिन्यात दिसतो, आणि तो सर्व पायऱ्यांवर दिसतो की ठरावीक पायऱ्यांवरच. एवढ्यावरून निम्म्याहून अधिक निदान होते.

सर्वच पायऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये कडेने उचलत असतील आणि जानेवारीपर्यंत जवळजवळ सपाट होत असतील, तर फळ्यांची खालची बाजू पॉलिशविना कोरी राहिली आहे असे समजावे. तळमजल्यावरच्या फक्त पहिल्या तीन-चार पायऱ्या उचलत असतील, आणि त्याही पाऊस संपल्यावर पुष्कळ दिवस तशाच राहत असतील, तर ओल जमिनीतून येत आहे. बऱ्याच घरांत जिन्याचा पहिला टप्पा मातीच्या भरावावर ओतलेला असतो आणि तिथे ओलरोधक थर दिलेला नसतो. पायरीचे भिंतीकडचे टोक काळवंडत असेल तर दोष भिंतीचा आहे. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या भिंती सच्छिद्र असतात. जोत्यातून वर चढणारी ओल आणि पावसाच्या झडीने बाहेरून मुरणारे पाणी या दोन्ही गोष्टी त्या आत आणून सोडतात. आणि पायऱ्या सपाट असूनही केवळ थंडीत आवाज करत असतील, तर तो ओलीचा नसून जोडणीचा प्रश्न आहे.

लाकूड किती हलते

लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याचा समतोल साधत राहते. तापमान तीस अंश सेल्सियसच्या आसपास आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्के असताना लाकडातला ओलावा सुमारे ११ ते १२ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तोच १७ ते १८ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे कोकणातल्या एका वर्षात पायरीच्या फळीला साधारण सहा टक्क्यांचा चढउतार सोसावा लागतो असे धरून चालावे.

सागवानाची ओली फळी पूर्ण कोरडी होईपर्यंत वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्केच आकसते. लांबीच्या दिशेने होणारा फरक इतका नगण्य असतो की जिन्याच्या कामात तो धरण्याचे कारण नाही. हे आकडे पायरीला लावून पाहावेत. २८० मिलिमीटर रुंदीची पायरी जर डोंगररेषा दिसणाऱ्या, म्हणजे ओंडका सरळ आडवा चिरून काढलेल्या एकाच फळीची असेल, तर सहा टक्के ओलावा वाढल्यावर ती सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. तीच पायरी उभ्या, समांतर रेषा दिसतील अशा चिराईच्या फळ्यांची असेल तर वाढ दीड मिलिमीटरच्या आत राहते. सव्वातीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण पुढून आणि मागून घट्ट बसवलेल्या फळीला ती जागा मिळाली नाही की ती वर उचलते, स्क्रू ओढून काढते किंवा मागची उभी फळी ढकलते.

गिऱ्हाईक वखारीत जाऊन नेमकी डोंगररेषांची फळी पसंत करते, कारण ती देखणी दिसते. दाराच्या पॅनेलला ती जरूर घ्यावी, जिन्याला नको. रुंद अखंड फळीचा हट्टही सोडावा. ७० ते ९० मिलिमीटर रुंदीच्या तीन-चार पट्ट्या जोडून केलेली पायरी अखंड फळीपेक्षा सपाट राहते, फक्त त्या पट्ट्या एकाच ओलाव्याच्या असल्या पाहिजेत आणि जोडणीचा गोंद पाण्याला टिकणारा असला पाहिजे.

लाकडाच्या जातीविषयी थोडक्यात. बल्लारपूरकडचा सागवान, ज्याला वखारीत अजून ‘सीपी’ म्हणतात, जिन्यासाठी उत्तमच आहे. परंतु परसातला जुना फणस मिळत असेल तर तो कमी समजण्याचे कारण नाही. त्याचा पिवळा रंग पुढे तपकिरी होतो आणि गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवण स्थिर असते, पण सागवानापेक्षा मऊ असल्यामुळे वर्दळीच्या जिन्यावर तिला खड्डे पडतात. ऐन मजबूत खरा, मात्र वाळताना वाकण्याची त्याची खोड आहे. आंब्याची फळी पायरीला वापरू नये.

पन्हळीसारखी वाकलेली पायरी

पायरीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली, अशी पन्हळीसारखी वाकलेली फळी म्हणजे खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक ओली आहे याची खूण होय. वरून पॉलिशचे तीन-चार हात दिलेले असतात आणि खाली कोरे लाकूड काँक्रीटला टेकलेले असते; हवा दमट झाली की कोरी बाजू भरभर ओलावा घेते, रुंदावते, आणि वरची बाजू तशीच राहिल्यामुळे कडा उचलल्या जातात.

या अवस्थेत पावसाळ्यात रंधा मारून किंवा घासून पायरी सपाट करून घेणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. उचललेल्या कडा तासल्या गेल्या की डिसेंबरात फळी सुकून मूळ आकारात येताना त्याच कडा खाली जातात आणि मध्यभागी उंचवटा राहतो. मग तो तासला जातो. अशा रीतीने २५ मिलिमीटरची पायरी काही वर्षांत १८ मिलिमीटरवर आलेली आढळते, आणि मूळ दोष जिथल्या तिथे असतो.

योग्य क्रम असा. पावसाळ्यात फक्त निरीक्षण करावे आणि कोणती पायरी किती उचलते हे पट्टी आडवी ठेवून लिहून घ्यावे. पाऊस सरल्यावर त्यातली एक पायरी काढून खालची बाजू पाहावी. ती कोरी असेल तर सर्व पायऱ्या सोडवून घ्याव्यात, घरातच पट्ट्यांवर हवेशीर रचून ठेवाव्यात, आणि सपाट झाल्यावर सहाही बाजूंना सारखेच पॉलिश द्यावे. दोन्ही टोकांना एक हात जास्त द्यावा, कारण तिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते. एवढ्याने पायरी हलणे थांबत नाही, मात्र दोन्ही बाजू बरोबरीने हलतात आणि वाक येत नाही.

पायऱ्या सोडवलेल्या असतानाच खालच्या काँक्रीटची ओल तपासावी. सुमारे दीड फूट लांबीरुंदीचा, किंवा तेवढी रुंदी नसेल तर बसेल त्या मापाचा, जाड प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटच्या कोरड्या पायरीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आत दव जमले किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला तर त्या काँक्रीटवर लाकूड थेट बसवू नये. तिथे आधी इपॉक्सीचा ओलरोधक थर द्यावा, तो सुकल्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या दर्जाची १२ मिलिमीटरची मरीन प्लाय नायलॉनच्या गुल्ल्यांत स्क्रू आवळून बसवावी, आणि लाकडी पायरी त्या प्लायवर घ्यावी. ओल भरावातून सतत येत असेल तर बाहेरच्या बाजूचे पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणे हे अर्धे काम आहे. ते न करता आत कितीही थर दिले तरी ओल दुसरी वाट शोधते.

जुन्या घरांतला माडीवर जाणारा लाकडी जिना याबाबतीत नशीबवान असतो, कारण त्याला खालून वारा लागतो. पण आपण काय करतो, तर जिन्याखालची जागा फुकट जाऊ नये म्हणून तिथे कपाट करून दारे घट्ट बंद करतो आणि आत कोकमाच्या बरण्या, पावसाळ्यासाठी साठवलेली नारळाची शेंडी-सोडणे, ओल्या छत्र्या असे सर्व काही भरतो. कपाट जरूर असावे. त्याच्या दारांना वर आणि खाली जाळीच्या झडपा असाव्यात. घर पावसाळ्यात बंद राहणारे असेल, म्हणजे मंडळी मुंबईला आणि किल्ली शेजारी, तर उघडीप मिळेल त्या दिवशी खिडक्या उघडण्याचे काम कुणाकडे तरी सोपवलेले असले पाहिजे.

करकर कुठून येते

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासल्याशिवाय आवाज होत नाही. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होणारी करकर म्हणजे सुकून आकसलेली फळी आणि तिच्याखालचा आधार यांच्यात फट पडली आहे, आणि प्रत्येक पावलाबरोबर फळी खिळ्यावर वरखाली सरकत आहे. अशा वेळी जवळच आणखी एक खिळा ठोकला की महिनाभर शांतता मिळते. नंतर तोही सैल होतो.

जिना खालून उघडा असेल तर निवारण सोपे आहे. एकाने वरून पायरीवर सावकाश वजन द्यावे आणि दुसऱ्याने खालून हाताने चाचपून फट शोधावी. तिथे गोंद लावलेली बारीक पाचर हलकेच सारावी, जोराने ठोकू नये, नाहीतर फट रुंदावते. त्यानंतर पायरीची फळी आणि उभी फळी यांच्या कोनात लाकडी ठोकळे गोंद आणि स्क्रूने बसवावेत. एका पायरीला दोन पुरेत, रुंद जिन्याला तीन. खालून जाता येत नसेल तर वरून स्क्रू बुडवून त्यावर त्याच लाकडाची गुल्ली बसवावी आणि तिच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवाव्यात. फटीत शंखजिऱ्याची पूड सोडली तरी आवाज थांबतो, मात्र तो पाहुणे यायच्या आधीचा तात्पुरता इलाज आहे.

पावसाळ्यातली करकर वेगळी. तेव्हा फळी फुगून मागच्या उभ्या फळीला किंवा भिंतीला दाबत असते आणि तिथे घासते. तिला पाचर मारली तर त्रास वाढतो. तिथे जागा मोकळी करावी लागते. नव्याने बसवताना पायरी पुढच्या बाजूला, म्हणजे नोजिंगजवळ (पायरीच्या पुढे आलेल्या कडेजवळ) पक्की करावी. मागे काँक्रीटपासून चार ते पाच मिलिमीटर मोकळी सोडावी. आणि उभी फळी पायरीच्या वर टेकवून ती फट झाकावी. मागच्या स्क्रूची भोके गोल न पाडता रुंदीच्या दिशेने लांबट पाडावीत, म्हणजे फळी स्क्रूखाली सरकू शकते. भिंतीकडच्या टोकाला दहा मिलिमीटर अंतर ठेवून ते स्कर्टिंगच्या पट्टीने झाकावे. ही फट लाकूड लांबीत वाढेल म्हणून नव्हे, तर जांभ्याच्या भिंतीची ओल टोकाला लागू नये म्हणून ठेवायची आहे, त्यामुळे तिच्यात सिमेंट भरणाऱ्या गवंड्याला वेळीच थांबवावे.

काही पायऱ्या करकरत नाहीत, पण टकटक केल्यावर पोकळ वाजतात. हे बहुधा कार्पेटचेच देणे असते. कार्पेट चिकटवताना वापरलेला रबरी गोंद काँक्रीटवर राहिलेला असतो आणि त्याच्यावरच नवा गोंद लावून पायरी दाबलेली असते. मग जुना थर सुटतो आणि त्याच्याबरोबर पायरीही सुटते. पातळ द्रावण ओतून हा गोंद विरघळवू नये, तो काँक्रीटच्या छिद्रांत उतरतो. पत्र्याच्या खरवडणीने आणि नंतर ग्राइंडरने तो पूर्ण काढावा, धूळ झटकून ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे, आणि मगच पॉलीयुरेथेनचा लवचीक गोंद वापरावा. कार्पेटच्या कडेला ठोकलेल्या दातेरी पट्ट्यांचे गंजलेले खिळेही याच वेळी एकूणएक उपटावेत.

खिळे, स्क्रू आणि खारी हवा

स्क्रूभोवती निळसर काळे वलय दिसू लागले तर समजावे की लोखंड गंजत आहे आणि त्याची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी रासायनिक क्रिया होत आहे. मालवण, वेंगुर्ला, गुहागर यांसारख्या समुद्रालगतच्या गावांत जस्ताचा मुलामा दिलेला साधा स्क्रूही फार काळ तग धरत नाही. समुद्रापासून थोडे आत ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील चालते. अगदी किनाऱ्यावर ३१६ दर्जाचे घ्यावे, ज्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खारट हवेतही ते टिकते. पितळी स्क्रूही चांगले, पण ते मऊ असतात, म्हणून आधी भोक पाडून, एकदा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी आणि मग पितळी बसवावा. आधीच पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिके होतात; हातमोजे घालून लावावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. स्क्रू न बदलता डाग काढले तर ते परत येतात.

कीड

पायरीखाली पिठासारखी बारीक पूड आणि फळीला टाचणीएवढी भोके दिसली तर तो भुंगेऱ्याचा उपद्रव होय. सागवानाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढरट लाकडाला लागतो. म्हणून फळ्या घेतानाच पांढरी कड असलेल्या बाजूला काढाव्यात. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि तेव्हा पायरीला औषध चोपडण्यात अर्थ नाही. जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्याशी आयएस ६३१३ या मानकाप्रमाणे उपचार करून घ्यावेत.

काम कोणत्या महिन्यात करावे

गणपतीच्या आधी घर नवे दिसावे या इच्छेने कोकणातली बहुतेक सुतारकामे जुलै-ऑगस्टमध्ये उरकली जातात. लाकूड तेव्हा सर्वांत फुगलेले असते, आणि त्या अवस्थेत फटी न ठेवता जुळवलेल्या पट्ट्यांमध्ये जानेवारीत फटी पडतात. शिवाय दमट हवेत मेलामाइन किंवा लॅकर फवारले तर ते सुकताना पांढरट पडते. उलट, फेब्रुवारीत घट्ट बसवलेली फळी जुलैत उचलते. चढउताराच्या मध्यावर, म्हणजे लाकडातला ओलावा १३ ते १४ टक्के असताना, पायऱ्या बसवणे सर्वांत सुरक्षित. आपल्याकडे ही स्थिती पाऊस संपल्यावर, साधारण नोव्हेंबरात येते. अंदाजावर न जाता सुया टोचून मोजणारा ओलावामापक वापरावा, आणि प्रत्येक फळी मधोमध मोजावी, टोकाला नव्हे, कारण टोक नेहमी अधिक सुकलेले असते. उघड्यावर वाळवलेल्या लाकडाला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागते हा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. वखारवाल्याने ‘सीझन केलेले’ म्हटले तरी फळ्या काही आठवडे त्याच घरात, त्याच मजल्यावर, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवाव्यात. आयएस २८७ या मानकातही आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून लाकडातल्या ओलाव्याच्या वेगवेगळ्या मर्यादा दिलेल्या आहेत. नागपूरला जे कोरडेपण योग्य तेच वेंगुर्ल्याला योग्य ठरत नाही.

पहिली आणि शेवटची पायरी

लाकडाशी संबंध नसलेली, पण कार्पेट काढल्यानंतर हमखास उद्भवणारी एक तक्रार म्हणजे वर पोहोचताना किंवा खाली उतरताना चुकणारे पाऊल. अस्तरासह १२ मिलिमीटरचे कार्पेट गेले आणि प्लायसह ३७ मिलिमीटरची पायरी आली, तर सर्व पायऱ्या २५ मिलिमीटरने उंचावतात. मधल्या पायऱ्यांचे आपसांतले अंतर बदलत नाही. मात्र जमिनीवरून पहिली पायरी २५ मिलिमीटरने जास्त उंच होते आणि शेवटच्या पायरीवरून माडीच्या जमिनीपर्यंतचे अंतर तेवढ्यानेच कमी होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार निवासी घरात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाय ठेवण्याची रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. १७५ ची पायरी २०० झाली की ही मर्यादा ओलांडली जाते, आणि घरातल्या वृद्धांना ते मोजपट्टीआधी कळते.

म्हणून लाकूड चिरायला देण्यापूर्वी जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची स्वतंत्र मोजून लिहावी, कारण काँक्रीटच्या पायऱ्याही क्वचितच एकसारख्या असतात. वरच्या मजल्यावर लाकडी जमीन करायची असेल तर तिची जाडी पायरीएवढीच ठेवावी, म्हणजे वरचा प्रश्न आपोआप सुटतो. ते शक्य नसेल तर प्लाय टाळून, ओल नसलेल्या काँक्रीटवर १८ ते २० मिलिमीटरची पायरी थेट गोंदावर घ्यावी आणि उरलेला फरक वेगवेगळ्या पायऱ्यांत पातळ भर घालून वाटून द्यावा, असा की लागून असलेल्या दोन पायऱ्यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत राहणार नाही. पहिल्या पायरीपुढे जमिनीवर पायपुसणे टाकून उंची कमी केल्याचे समाधान मानू नये, ते सरकते. वरचा हात चकचकीत न देता मॅट पॉलीयुरेथेनचा द्यावा आणि नोजिंगपासून थोडे आत दोन-तीन उथळ खाचा पाडून घ्याव्यात, कारण पावसाळ्यात या जिन्यावर ओलेच पाय चढणार आहेत.